पिवळा पंचेचाळीस

कानशिलावरचे केस पांढरे झाले तरी घरात त्याला धाकटाच म्हणत. बाहेर मात्र तो मोठा माणूस होता. कुठलं नवं यंत्र कोणाचं काम गिळणार, त्या माणसांना मग काय शिकवायचं आणि यंत्रांना सरकारने वेसण कुठे घालायची, यावर अहवाल लिहिणाऱ्या संस्थेत तो संशोधक होता. वहिनीला यातलं फारसं कळत नसे. "आमचा धाकटा सरकारला अक्कल शिकवतो," असं मात्र ती शेजारीपाजारी सांगत फिरे. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं, तेव्हा तेवढी फुशारकी मारायचा तिला हक्कच होता.

या संस्थेत एक रीत होती. तक्त्यात एखाद्या जागी पुरावा नसला, की तिथे अंदाजाने आकडा टाकायचा आणि तो चौकोन पिवळा करायचा. पिवळं म्हणजे 'तपासायचं राहिलंय'. ही खूण घरातल्या घरातली, बाहेरच्यांना ती ठाऊक नव्हती. काम गेलेल्यांना नवं काम शिकवायची योजना आखताना 'कोणत्या वयापर्यंत प्रवेश द्यावा' हा चौकोन रिकामा राहिला. बैठक तोंडावर आलेली. धाकट्याने वेळ मारून नेण्यासाठी पंचेचाळीस लिहिलं आणि चौकोन पिवळा केला.

अहवाल छापून आला तो काळ्या-पांढऱ्यात. पिवळा रंग गेला, पंचेचाळीस राहिलं. बैठकीत सचिवांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. "वा, कोणीतरी एकदाचं ठाम बोललं." धाकट्याने सांगायला तोंड उघडलं, पण इतके लोक कौतुकाने बघत होते की तो पाण्याचा घोट घेऊन गप्प बसला. माणूस खोटं बोलत नाही, नुसता गप्प बसतो, आणि खोट्याइतकंच काम होऊन जातं.

वहिनी पाणीपुरवठ्याच्या तक्रारींचे फोन घ्यायची. नळ कोरडा पडला की लोक आधी तिला शिव्या घालत, मग तिच्याशीच सुखदुःख बोलत. यंदा त्या फोनवर यंत्राचा आवाज बसला. यंत्राला न समजलेल्या तक्रारी ऐकून त्याला सुधारणारी माणसं हवी होती, आणि ते शिकायला वहिनीने त्याच योजनेत हौसेने अर्ज केला. उत्तर आलं: वय जास्त. ती बावन्न वर्षांची होती.

हे ऐकल्यापासून धाकट्याला घास गोड लागेना. तो थेट संचालकांकडे गेला. "सर, तो आकडा नुसता अंदाज होता."

"आता नाही," संचालक म्हणाले. "दुसऱ्या दोन खात्यांनी तोच घेतलाय. आपल्या नव्या अहवालात त्यांचा आधार दिलाय."

"पण त्यांनी तो आपल्याकडूनच घेतलाय."

"म्हणून तर म्हणतो, गप्प राहा."

आणि धाकटा राहिला की गप्प. आपलेच दात, आपलेच ओठ. स्वतःची लाज वाटत होती, तरी मूग गिळून तो आठवडाभर कामावर जात राहिला.

रविवारी वहिनीकडे गेला, तर ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिच्या भाचीने शिकायला म्हणून दिलेला जुना लॅपटॉप कपाटावर चढला होता.

"तो का वर ठेवलास?"

"पंचेचाळीसनंतर डोक्यात शिरत नाही म्हणे. तुमच्या संस्थेनेच लिहिलंय ना? तू असताना उगाच कोण लिहील?"

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने तर विश्वास ठेवला होता. धाकट्याने खाली मान घालून सगळं सांगितलं: रिकामा चौकोन, पिवळा रंग, पाण्याचा घोट.

वहिनीने एक टॉवेल उचलून सरळ केला. "मग पंचेचाळीसच का सुचलं? साठ का नाही?"

खरं सांगावं की नाही, असं झालं त्याला. पण आधीच पुष्कळ लपवून झालं होतं. "तू आठवलीस," तो म्हणाला. "पंचेचाळिशीला तू नवा फोन घेतला होतास. तुला काही केल्या जमेना."

"मला जमत नव्हतं?" वहिनीने टॉवेल खाली ठेवला. "मी विचारलं की तू माझ्या हातातून फोन काढून घ्यायचास. 'दे इकडे' म्हणून दोन मिनिटांत सगळं करून परत द्यायचास. शिकवलंस कधी?"

ज्या माणसाने कधी शिकवलंच नाही, त्याने शिकण्याचं वय ठरवलं होतं.

"पुढच्या बैठकीत सांग हे," ती म्हणाली. "माझी गोष्ट म्हणूनच सांग."

त्याने सांगितलं, सचिवांसमोर, फोनसकट. संचालक त्यानंतर त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. वयाची अट फेरविचाराला गेली, पण त्या तुकडीतल्या जागा तोवर भरल्या होत्या. वहिनीची संधी त्या वर्षी गेली ती गेलीच.

तिला हे सांगायला तो गेला, तेव्हा लॅपटॉप कपाटावरून उतरवून टेबलावर ठेवलेला होता. पडद्यावर कुठलीशी खिडकी उघडून अडकली होती. धाकट्याचा हात सवयीने पुढे गेला.

"हात मागे," वहिनी म्हणाली. "नुसतं तोंडाने सांग."

त्याने हात पाठीमागे बांधले आणि खुर्चीमागे उभा राहिला.