खोक्यांची खुर्ची

"मोड ती. इथेच, माझ्यासमोर."

शेठ पडवीतल्या झोपाळ्यावर बसून बोलला. मी अंगणात उभी. पुढ्यात मी केलेली खुर्ची.

२०१५ साल. रानशेतहून रोज मी त्याच्या चिकूच्या वाडीत कामाला यायचे. चिकू भरायची लाकडी खोकी ठोकायचे. मग प्लास्टिकचे क्रेट आले. जुनी खोकी शेडमागे पडली, जाळायची म्हणून. त्याच वर्षी माझी आई वाडीत घसरली. खुबा मोडला. तिचा सगळा जन्म याच वाडीत गेलेला. तिला उकिडवं बसता येईना, भुईवरून उठता येईना. परसाकडे मी उचलून न्यायचे आणि ती लाजेने डोळे मिटून घ्यायची.

म्हणून मी त्या फळ्या नेल्या. वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ केले. बैठकीला मध्ये भोक ठेवलं, खुर्चीच्या हातांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. आई पहिल्यांदा बसली आणि म्हणाली, "आता कोनाला हाक नोको मारायला."

बारा दिवस बसली. मग मुकादमाने पाहिलं आणि शेठचा निरोप आला, खुर्ची घेऊन ये. मला वाटलं, त्याला काम आवडलं. त्याच्या म्हातारीसाठी करून मागेल. मूर्ख मी. पुसूनबिसून, डोक्यावर घेऊन गेले.

"जाळायची होती ती खोकी, शेठ," मी म्हटलं.

"जाळीन नायतर ठेवीन. माझी हायत. तुमच्यात कोण बसतं खुर्चीवर?"

चिकू निवडणाऱ्या बाया मान खाली घालून बसल्या. मी हातोडी घेतली. एकेक खिळा उपसला. हात थांबले नाहीत. त्याची लाज अजून वाटते.

सगळी मोडल्यावर शेठ हसला. "हात चांगलाय तुझा. याच फळ्यांचं कुत्र्याला घर करून दे."

"नाय करणार."

झोपाळा थांबला. "काय बोललीस?"

"नाय करणार बोलली."

हातोडी तिथेच टाकली. खिळे पदराला बांधले. ते मी सरळ केले होते.

घरी आई भुईवर. म्हणाली, "शेठचीच लाकडं होती, पोरी." मला तिचा राग आला. मग माझा. पावसाळ्यात ती गेली. भुईवरच.

त्या वाडीत मी परत गेले नाही. आता समुद्राकाठी वरोरला मोडीत निघालेल्या होड्यांच्या फळ्या विचारून आणते. ज्यांना भुईवरून उठवत नाही त्यांच्यासाठी खुर्च्या करते. कुणी वाखाणलं तर बरं वाटत नाही. पाड्यावर सगळे सांगतात, शेठने हिच्या आईची खुर्ची मोडली. खोटं. त्याने नुसतं सांगितलं. मोडली मी.

पुन्हा नाही. पुढची मोडायची असेल तर शेठने झोपाळ्यावरून स्वतः उतरावं. मी तिच्यावर बसलेली असेन.