गोऱ्या गुरूची थाप

माझा गोल्फचा फटका एका गोऱ्या गुरूने सुधारला, असं मी तीन वर्षं सांगत फिरलो. ज्यांनी ते ऐकलं, त्यांनी आता खरं ऐकावं.

निवृत्तीनंतर मी नरपडच्या आमच्या वाडीत गळून पडलेले चिकू चेंडूसारखे मारून सराव करायचो. चिकू जागेवरच राहायचा, माती तेवढी उडायची. टेम्पोत चिकूचे क्रेट चढवायला उधव्याहून येणारी बाई एकदा वैतागून म्हणाली, "शेठ, हातांनी काय ओढता? उजव्या पायावरचा भार डाव्यावर घ्या, कंबर फिरवा. हात येतात मागून." तिने तसाच भरलेला क्रेट झुलवून वर चढवला. मी तसं केलं आणि चिकू कुंपणापार गेला.

पुढे वाडीत आलेल्या मित्रांनी फटका कसा सुधारला ते विचारलं तेव्हा, "गोऱ्या गुरूचे व्हिडिओ बघतो," असं मी तिच्यादेखत ठोकून दिलं. ती नुसती हसली. ते हसू मला बोचत राहिलं.

अखेर २०१९ मध्ये मित्रांना वाडीत बोलावून तिच्यासमोर कबुली दिली. ते लगेच म्हणाले, "बाई, आम्हालाही शिकवा!"

"शिकवते की. हे साठ क्रेट पडलेत, लागा."

आम्ही चार म्हातारे टेम्पो भरत होतो. ती चिकू खात सांगत होती, "शेठ, कंबर!"