रुमालाखालचं पुस्तक

चार शहाणी माणसं एकत्र बसली की भांडणाशिवाय काही ठरत नाही, असं ज्यांचं ठाम मत आहे, त्यांनी शहाद्याच्या आमच्या दलालचाचांचा हात एकदा तरी रुमालाखाली धरायला हवा होता. या माणसाने तोंडाने बोलून काही ठरवल्याचं माझ्या पाहण्यात नाही. चाचा कापसाचे दलाल. हंगामात कळसाडीकडच्या गाड्या सरकी काढायच्या जिनाच्या आवारात येऊन उभ्या राहिल्या की ते खांद्यावरचा हिरव्या चौकटींचा रुमाल काढायचे, त्याखाली आधी व्यापाऱ्याचा हात घ्यायचे, मग शेतकऱ्याचा, आणि बोटं दाबून भाव ठरवायचे. वर सगळ्यांचे चेहरे कीर्तनाला बसल्यासारखे शांत आणि खाली बोटांची झटापट. सौदा पटला की चाचा रुमाल झटकायचे. कोणी कोणतं बोट दाबलं हे बघ्यांना कळायचं नाही, आणि नंतर विचारायचीही रीत नव्हती. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की, घरी चाचींनी खिचडी टाकू की भाकरी असं विचारलं तरी ते नुसता हात पुढे करत, असं गाव म्हणायचं. चाचींना मी एकदा खरं-खोटं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी बी मंग बोट दाबस आन् उपाशी ठेवस."

चाचांचा विश्वास बोटांवर. कापसाचा पुंजका दोन चिमट्यांत धरून ते हलकेच ओढायचे आणि धागा लांब की आखूड हे सांगायचे. इथपर्यंत ठीक होतं, पण हाच न्याय ते सगळ्या जगाला लावायचे. माझ्या लग्नात मी नवा कोट घालून बोहल्याकडे निघालो, तर त्यांनी वाटेत थांबवून कोटाच्या बाहीचा एक दोरा उपसला, ओढून पाहिला आणि "टिकी" एवढा आशीर्वाद दिला. कोट टिकला, बाहीची शिवण मात्र मंगलाष्टकं संपायच्या आत उसवली. पुस्तकांचंही तेच. लढाईचे दिवस होते, पुस्तकं पिवळट खरखरीत कागदावर छापून यायची. चाचा पान चिमटीत धरून म्हणायचे, "कागदना धागा आखूड शे. पन वाचा मास्तर, गोष्ट लांबट निंघी."

कारण चाचा हे आमच्या वाचक मंडळीचे यजमान होते. मंडळी म्हणजे चौघेच. मी शाळेत नुकताच लागलेला मास्तर, माझे हेडमास्तर, गल्लीच्या टोकाचे वैद्यबुवा आणि चाचा. दर रविवारी दुपारी चाचांच्या ओसरीवर बसायचं, पाळीपाळीने मोठ्याने वाचायचं आणि चाचींच्या हातचा आलं घातलेला चहा प्यायचा, इतकाच मंडळीचा कारभार. ना घटना, ना वर्गणी. वाचनात चाचांचा व्यत्यय मात्र भरपूर. गोष्टीतल्या कुठल्याही माणसाला त्यांनी निमूट जगू दिलं नाही. कपटी प्रधान आला की "हाऊ कापूस वल्ला करीसन इकनारा शे, तोंडवरथीन समजस," असं ते पहिल्याच पानावर सांगून टाकायचे. नायिकेचं लग्न चार प्रकरणं अडून राहिलं की ते अस्वस्थ व्हायचे. "दोन्ही बापसना हात मन्हा रुमालखाल द्या," ते म्हणायचे, "चहा थंडा व्हवाना आत सोयरीक जमाडी देस." पुस्तक लिहिणाऱ्याला एक दलाल भेटला असता तर निम्मा कागद वाचला असता, हे त्यांचं साहित्याविषयीचं एकमेव आणि पक्कं मत होतं.

अशी ही मंडळी मोडली ती पुढे काय वाचायचं यावरून. एक ऐतिहासिक कादंबरी चालू होती. हेडमास्तरांचं म्हणणं, ही संपली की थोर पुरुषाचं चरित्र घ्यावं, त्याने मन घडतं. वैद्यबुवांचं म्हणणं, खुनाची कादंबरी घ्यावी, त्याने झोप उडते आणि उडालेल्या झोपेवर त्यांच्याकडे चांगलं चूर्ण आहे. शब्दाने शब्द वाढला. हेडमास्तर म्हणाले, "तुमच्या चूर्णापेक्षा तुमचे खून बरे." वैद्यबुवा म्हणाले, "तुमच्या चरित्रापेक्षा माझं चूर्ण लवकर झोपवतं." दोघेही उठले ते चहा न घेता उठले, आणि चाचींचा चहा टाकून जाणं म्हणजे आमच्याकडे संबंध तोडल्यासारखंच. त्यानंतर दीड वर्ष त्या दोघांनी एकमेकांची सावली अंगावर पडू दिली नाही. वैद्यबुवांना गोमाई नदीवर जायचं झालं तरी ते शाळेवरून न जाता अख्ख्या गावाला वळसा घालायचे.

इकडे चाचांचा जीव वेगळ्याच ठिकाणी अडकला होता. मंडळी मोडली त्या दिवशी कादंबरीतला तरुण सरदार पुराच्या पाण्यात घोड्यासह उतरला होता. पाणी छातीपर्यंत आलं होतं आणि तिथेच हेडमास्तरांनी पुस्तक मिटलं होतं. चाचा मला बाजारात, मशिदीसमोर, शाळेच्या फाटकाशी, जिथे भेटतील तिथे विचारायचे, "मास्तर, तो पोऱ्या आजून पानीमाच शे का रे?" मी म्हणायचो, "चाचा, पुस्तक हेडमास्तरांकडे आहे. आणून देतो, वाचून टाका." त्यावर ते घाईने म्हणायचे, "नही नही, एकला वाचामा मजा नही." मला वाटायचं, काय हा चार माणसांचा षौक!

खरी गोष्ट मला कळली ती एका पोत्यामुळे. मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो तर चाचा ओसरीवर बसून दाराशी कोणाशी तरी बोलत होते. "बठा ना वैद्यबुवा. उभा कसाले? घर तुमनंच शे." मला आनंद झाला की वैद्यबुवा आले. पुढे होऊन पाहतो तर दाराच्या चौकटीला टेकून कापसाने भरलेलं पांढरं पोतं उभं होतं. पोतं काही बोलेना, तेव्हा चाचा हळूच मला म्हणाले, "आजून राग गया नही वाटस." मी हसलो, आणि हसता हसता ध्यानात आलं. चाचांना दिसत नव्हतं. उजेड-अंधार कळत होता, माणसाचा आणि पोत्याचा फरक कळत नव्हता. कधीपासून, हे विचारलं तर म्हणाले, "व्हई गयं दोन-तीन वरीस." म्हणजे मंडळीत वाचायची पाळी आली की "दलालना गया बजारकरता शे" असं म्हणून ते पुस्तक माझ्याकडे सरकवायचे, ते गळा जपायला नव्हतं.

"रोज येऊन मी वाचून दाखवतो," मी म्हणालो. चाचा एकदम ताठ झाले. "चार जन बठतीन, तेसमा मी ऐकनारा. ते येगळं. एकल्याले वाचीसन दाखाडनं म्हंजे आजारीले पेज पाजनं. मी आजारी नही शे." मग माझा हात चाचपून धरला आणि म्हणाले, "कोनले सांगू नको. आंधया दलालले कापूस कोन दाखाडी?" बोटांनी धागा पारखायला डोळे लागत नव्हते, हे मला ठाऊक होतं. पण बाजाराला कोण पटवणार? मी शब्द दिला. आता माझ्यापुढे एकच वाट होती. हेडमास्तर आणि वैद्यबुवा पुन्हा एका ओसरीवर आले नाहीत, तर चाचांच्या नशिबातली गोष्ट कायमची संपणार होती.

मी दोघांना वेगवेगळं गाठून सांगितलं की चाचांनी रविवारी बोलावलंय, मंडळी पुन्हा सुरू करायची आहे. दीड वर्ष सावली टाळणारी ती माणसं पहिल्याच निरोपाला 'येतो' म्हणाली. मी तेव्हा स्वतःला फार हुशार समजत असे, त्यामुळे त्यामागचं कारण शोधत बसलो नाही.

पुस्तक कोणतं घ्यायचं यावर बोलायला चाचांनी बंदी घातली होती. ओसरीवर पाच पुस्तकं ओळीने मांडली. पहिला खून, दुसरं चरित्र, तिसरं मी आणलेलं प्रवासवर्णन. चौथं कोणाकडेच नव्हतं, म्हणून वैद्यबुवांचं गेल्या सालचं पंचांग ठेवलं, कारण चाचांच्या मते दुकान भरलेलं दिसायला हवं. पाचवी ती अर्धवट राहिलेली कादंबरी. "हात द्या," चाचा म्हणाले, "जे पाहिजे तितली बोटं दाबा. पाचवं पाहिजे तं पुरा पंजा. आन् भाईर निंघीसन कोनी बोलाना नही." रुमाल पसरला. मी पूर्ण पंजा दाबला. एक मत तर त्यांना मिळालं, असं मला वाटलं. मग वैद्यबुवांचा हात गेला, शेवटी हेडमास्तरांचा. तो हात चाचांनी बराच वेळ सोडला नाही. मग रुमाल झटकायचा सोडून त्यांनी तो तोंडावरून फिरवला आणि नाक शिंकरून म्हणाले, "सौदा व्हई गया. पाचवं."

वैद्यबुवा कपाळाला हात लावून "खून हरला" म्हणाले, हेडमास्तर "लोकांची अभिरुची!" म्हणाले, आणि दोघांनी चहा घेतला. मी मनात हसलो. म्हातारा चक्क लबाडी करून गेला, अशी माझी खात्रीच झाली. वाचायला मीच बसलो. सरदार दुसऱ्याच ओळीत पोहून काठाला लागला आणि कपडे पिळू लागला. चाचा भडकले. "दीड वरीस मी याना घोर कया, आन् हाऊ दोन ओयमा भाईर? निदान खोकला तरी दाखाडाना व्हता!" वैद्यबुवा लगेच म्हणाले की खोकल्यावर त्यांच्याकडे चूर्ण आहे, आणि हेडमास्तर दीड वर्षाने पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून हसले.

त्यानंतर कितीतरी वर्षं मंडळी चालली. प्रत्येक वेळी रुमाल, प्रत्येक वेळी बोटं. वाचायची पाळी आम्हा तिघांतच फिरायची, आणि चाचांची पाळी कोणी काढायचं नाही. मी कधी एकटा सापडलो की त्यांना छेडायचो, "चाचा, त्या दिवशी दलाली खाल्लीत ना?" ते हसून म्हणायचे, "सौदानं भाईर बोलाना नही ऱ्हास, मास्तर."

चाचा एका उन्हाळ्यात गेले. त्यांना माती देऊन आम्ही तिघे परत आलो आणि पाय आपोआप त्या ओसरीकडे वळले. आम्ही आपापल्या जागी बसलो. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आता सांगायला हरकत नाही. त्या पहिल्या दिवशी पाचवं पुस्तक फक्त मी मागितलं होतं. चाचांना दिसत नव्हतं, हे मला एकट्याला ठाऊक होतं." वैद्यबुवा माझ्याकडे पाहतच राहिले. "एकट्याला?" ते म्हणाले. "नाडी पाहताना डोळेही पाहतो मी. मीसुद्धा पंजाच दाबला होता." हेडमास्तर खाली पाहून उपरण्याच्या काठाशी चाळा करत होते. "पुस्तक त्यांनी एकदा उलटं धरलं होतं माझ्यासमोर," ते म्हणाले. "मीही पंजाच दाबला."

म्हणजे त्या दिवशी चाचांनी लबाडी केलीच नव्हती. एकामागून एक तीन पंजे त्यांच्या हातात आले, कोणीच आपलं पुस्तक मागितलं नाही, आणि तिसऱ्याला त्यांना कळून चुकलं की ओसरीवर बसलेल्या प्रत्येकाला सगळं ठाऊक आहे. दया नको म्हणणारा तो ताठ माणूस आम्हा तिघांची दया रुमालाखाली घेऊन बसला, आणि सौद्याच्या रीतीप्रमाणे त्याने ती मरेपर्यंत बाहेर बोलून दाखवली नाही. मला एवढं रडू तोवर कधी आलं नव्हतं.

चाचींनी आतून चहा आणला. आलं नेहमीपेक्षा जास्त पडलं होतं. हेडमास्तरांनी खांद्यावरचं उपरणं काढून मध्ये पसरलं आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी काय वाचायचं?" आम्ही तिघांनी हात खाली घातले, आणि मग बराच वेळ तसेच बसून राहिलो, कारण कोणाचा हात कोणी धरायचा हे सांगणारं आता कोणी नव्हतं.