नानांचा अर्धा पासवर्ड

दोघांनी मिळूनच उघडायचे कुलूप, त्यांतला एक जण हयात नसताना उघडू शकते का? या एकाच प्रश्नाचे उत्तर मी शोधतो आहे. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता; शाळेत गणित शिकवण्यात आयुष्य गेले. म्हणून जे घडले ते क्रमाने मांडतो.

नव्वदच्या दशकाचा मध्य. निवृत्तीनंतर मी चोपड्यातील एका केळी संघाचा कॉम्प्युटर पाहत असे. कोणाच्या मळ्यावर ट्रक आधी जायचा, ती पाळी सॉफ्टवेअर ठरवी. छापील चिठ्ठीशिवाय ट्रक हलत नसे. पण सेटिंग बदलण्याची मुभा ऑफिसात सर्वांनाच होती... ज्याचा मेहुणा ऑफिसात, त्याचा ट्रक पुढे! ते थांबवण्यासाठी आम्ही तिजोरीची जुनी रीत लावली — दोन किल्ल्या, दोन माणसे. पासवर्डचा पहिला अर्धा भाग माझा, दुसरा व्यवस्थापक नानांचा. एक टाइप करताना दुसऱ्याने खिडकीकडे पाहायचे.

नाना एका बोटाने टाइप करत. दोन अक्षरे, मग थांबून चष्मा सावरणे, मग उरलेली.

"नाना, तुमचा भाग कुठे तरी लिहून ठेवा."

"सर, किल्ली कुलपालाच टांगून ठेवता का तुम्ही?" ते हसून विचारत.

ऐन उन्हाळ्यात नाना अचानक गेले. त्यांच्या गावात त्याच सकाळी पाळीप्रमाणे केळी कापून ठेवली होती. बातमी येताच सारे गाव अंत्ययात्रेला गेले. ट्रक रिकामे परतले. आणि सॉफ्टवेअरचा नियम असा, की पाळी चुकली तर नाव शेवटी.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गावचे भिका आबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"सर, बठ्ठा माल पिकी जाई. नानाले खांदा देवाले गऊत, हाऊच गुन्हा शे का?"

लेखनिक सुमनताई म्हणाल्या, "कुलूप इतकं पक्कं केलंत सर, की आपणच बाहेर राहिलो."

सॉफ्टवेअरवाला जळगावहून दोन दिवसांनी येणार होता. पिकलेली केळी तोवर कोण घेणार? काही तरी करायचे म्हणून मी माझा अर्धा भाग टाइप केला आणि सवयीने खिडकीकडे पाहिले.

"सर..." सुमनताईंचा आवाज चिरकला.

मी वळलो. स्क्रीनवर पासवर्डच्या रकान्यात दोन नवे तारे उमटले होते. मग काहीच नाही... चष्मा सावरावा इतका वेळ. मग उरलेले, एकेक करून. कीबोर्डजवळ कोणी नव्हते. आबा दाराशी, सुमनताई कपाटाला टेकलेल्या. सेटिंग उघडली. मी त्या गावाची पाळी पूर्ववत केली, चिठ्ठ्या छापल्या. दिवस मावळण्याआधी ट्रक भरले.

आबांनी नानांच्या रिकाम्या खुर्चीला हात जोडले. "उनात नाना," नाना आले, एवढेच म्हणाले.

कळ अडकली असती तर एकच अक्षर पुन्हा पुन्हा उमटले असते. त्याने कुलूप उघडले नसते. योगायोगाने अचूक शब्द जुळावा, हेही मला पटत नाही. सॉफ्टवेअरवाला येईपर्यंत मी तोच प्रयोग अनेकदा केला. एकही तारा उमटला नाही. तेव्हा कोणाचाच ट्रक अडलेला नव्हता.

याहून अधिक मला ठाऊक नाही. आपल्याकडे असा दोघांत वाटलेला पासवर्ड असेल, आणि दुसरा धनी नसताना कोणाचे खरोखर अडले असेल, तर आपला भाग टाइप करून हात बाजूला घ्यावेत, खिडकीकडे पाहावे, आणि हे स्वतः पडताळावे, ही विनंती.