टोपीतला गहू

दसऱ्याला टोपीत घटाचं धान खोचताना मला माझा एक जुना मूर्खपणा आठवतो. बहात्तर साली भिंगारमध्ये आमची व्याख्यानमाला होती. विज्ञान, आरोग्य आणि शेवटच्या दिवशी इराणची संस्कृती. वक्ते म्हणजे बाजारातल्या हॉटेलचे इराणी मालक. नवरोजसाठी, म्हणजे इराणी नववर्षासाठी, घरी जपून रुजवलेल्या हिरव्यागार गव्हाची ताटली त्यांनी टेबलावर ठेवली. मी पडलो चिटणीस! ऐन मार्चात घट कसले, हा विचारही न करता मी मूठभर कोंब उपटून टोपीत खोचले. "मलाबी दे की," अध्यक्ष म्हणाले, आणि पहिली रांग उठलीच. वक्ते ताटली दाखवायला वळले, तर तिच्यात नुसती मुळं. "साहेब, हा तेरा दिवस ठेवायचा होता ना," एवढंच ते बोलले. घरापर्यंत मी स्वतःवर चरफडत आलो. बायको म्हणाली, "विज्ञानाला झोपलात, आरोग्याला झोपलात, आजच कशाला जागे राहिलात?"