बिबट्याची बाजू घेणारे काका

आरे कॉलनीत आमच्या ग्रुपची दर रविवारी सकाळी जंगलफेरी असते. येणाऱ्यांची नावं मी लिहून घेते, प्राण्यांची माहिती चंद्रप्रकाशकाका सांगतात. मरोळच्या एका कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं लेथ चालवली. रिटायर झाले, वनमालाकाकू गेल्या, कांदिवलीच्या घरात बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून इथे यायला लागले. हे ते कबूल करणार नाहीत, म्हणून मी सांगते.

चितळं कळपानं राहतात, वानरं टोळीनं, रानडुकरिणी पिल्लांसकट घोळक्यानं, हे ते भराभर उरकायचे. बिबट्यावर आले की मात्र तिथेच अडायचे. "एकटा राहतो म्हणून बिचारा म्हणू नका. कोणाची कटकट नाही, कोणाची वाट बघणं नाही. राजा आहे तो!" कोणी वाद घातला की चिडायचे. मला त्यांचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं.

दिवाळीनंतर त्यांची मुलगी अबोली मुलुंडहून मुद्दाम फेरीला आली. फेरी संपल्यावर म्हणाली, "बाबा, नव्या घरात एक खोली तुमच्यासाठी ठेवलीय. चला ना." काका अजून भाषणाच्याच तोऱ्यात होते. "बिबट्याला कळपात कशाला कोंबतेस गं?" सगळे हसले. अबोलीही हसली आणि बस पकडून निघून गेली.

परवाच्या फेरीत एका बाईंनी सहज विचारलं, "बिबट्या आजारी पडला तर काय करतो?"

"पंजात साळिंदराचा काटा रुतला तर शिकार जमत नाही," काका म्हणाले. "आणि आणून देणारं कोणी नसतं." मग ते रांगेच्या शेवटी जाऊन चालू लागले. उरलेली फेरी मी कशीबशी पुरी केली. आदल्या आठवड्यात ते तीन दिवस तापानं पडून होते आणि शेजाऱ्यांनाही पत्ता नव्हता, हे त्यांनी मला फेरी संपल्यावर सांगितलं.

"माधुरी, अबोलीला फोन लावून दे. चष्मा घरी राहिला." चष्मा त्यांच्या खिशातच होता. मी गुपचूप फोन लावला आणि स्पीकर चालू करून त्यांच्या हातात दिला.

"अबोली, ती खोली... मी म्हणत होतो, येऊ का?"

"बाबा, मागच्या महिन्यात सासूबाई आल्या राहायला. तुम्ही नको म्हणालात ना. मला खरंच वाटलं, तुम्हाला एकटंच बरं वाटतं. तरी या तुम्ही. हॉलमध्ये करू काहीतरी."

"छे गं, मी आपलं सहज विचारलं." काकांनी माझ्याकडे पाठ फिरवली. "त्यांना नीट सांभाळ. या वयात एकटं नाही राहवत माणसाला."