नमुन्याची पोरगी

रेणापूरच्या ज्या सरकारी हायस्कूलात बाबा गणित शिकवायचे, तिथले बाकीचे सर लातूरहून यायचे आणि त्यांची पोरंही लातूरलाच शिकायची. मास्तराचं एकच लेकरू त्या शाळेत होतं, ते म्हणजे मी. लातूरला गेलेल्या मैत्रिणी क्लासच्या टी-शर्टातले फोटो व्हॉट्सॲपवर टाकायच्या आणि मी इकडे जेवणावर राग काढायचे. शेवटी बाबांनी शब्द दिला, "तुझ्या नववीला पोरं कमी पडायलीत. तुकडी तुटली की एक मास्तर जादा ठरून बदलीवर जातो, अन् तो मीच. यंदा तुकडी भरू दे, मग जा तू लातूरला."

आमच्याकडे मे महिन्यात मास्तर दारोदार पोरं मागत फिरतात. बाबा मला गणवेश घालून सोबत न्यायचे. अडतीत नमुना म्हणून मूठभर तूर दाखवतात, तशी मी प्रत्येक दारात उभी राहायचे. आणि जीव तोडून बोलायचे. प्रयोगशाळेचं तर असं वर्णन केलं की बाबाच माझ्याकडे बघत राहिले. तिच्या कुलपाची किल्ली कुणाकडे असते, हेही मला माहीत नव्हतं.

तुकडी भरली. मी बॅग धुऊन वाळत घातली.

शाळा उघडली त्या दिवशी मी दाखला मागायला गेले, तर वर्गाच्या दारात आया उभ्या होत्या. एकीनं लेकीचा हात माझ्या हातात दिला. "हिचं लातूरचं ठरलं होतं. पर सरांची पोरगी हितंच हाय म्हणल्यावर हिचा बाप ऐकंना. आता संभाळ बाई."

"हाव," मागची म्हणाली, "तू हायेस म्हणूनच पोरी धाडल्यात. तू गेलीस तर आमच्या बी काढून नेतो."

आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेतला होता मी. बाबांकडे बघितलं, तर ते पुसलेलाच फळा पुसत होते. मला त्यांचा भयंकर राग आला, पण रागावून जाणार कुठं? दाखला न मागताच मी वर्गात गेले.

मी बाकावर सरकून त्या पोरीला जागा दिली. शाळा सुटल्यावर दप्तर उचलताना तिनं एवढंच विचारलं, "ती प्रयोगशाळा कुठं हाय?"

मी तिला नेऊन कुलूप दाखवलं.